सांडवा कोणाचा?



मराठी शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे एखादा शब्द मनात अडकला की लवकर सुटत नाही. सध्या अडकलेला शब्द आहे 'सांडवा'. शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगते. तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी बांधाला धक्का न लावता बाजूने निघून जावे म्हणून जी वाट ठेवतात, ती म्हणजे सांडवा. 'सांडणे' या क्रियापदाचाच हा नातलग. आपल्याकडे सांडणे ही काही चांगली गोष्ट मानत नाहीत. दूध सांडले की आपण हळहळतो, आणि दुष्काळी भागात तर तांब्याभर पाणी सांडले तरी आई पाठीत धपाटा घालायची. पण तलावाच्या बाबतीत जुन्या लोकांनी सांडण्यासाठी मुद्दाम जागा राखून ठेवली आणि तिला नावही दिले. यात मोठा शहाणपणा आहे असे मला वाटते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परतावे. शेतकऱ्याने आपल्या रानात, आपल्या पैशाने मातीचा बांध जरूर घालावा. पण त्या बांधाला सांडवा ठेवायचा की नाही, केवढा ठेवायचा, हा एकट्या मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही. सांडवा हा बांधाच्या खाली राहणाऱ्यांचा हक्क आहे.

हा विषय आमच्या घरातच निघाला. माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. माझा भाचा तिथे शेती करतो. कष्टाळू आहे, हिशेबी आहे, डाळिंबाची बाग त्याने टँकरच्या पाण्यावर जगवून दाखवली आहे. रानातून जाणाऱ्या ओढ्यावर मातीचा बांध घालायचे त्याने ठरवले आहे. मध्यावर उंची वीस फूट. पैसे जमले, जेसीबीवाल्याशी बोलणे झाले. मी फोनवर विचारले, "सांडवा कुठे काढतो आहेस?" तर म्हणाला, "अगं आत्या, सांडव्यात अडीच गुंठे रान जातंय. आणि एवढ्या मुश्किलीनं अडवलेलं पाणी मुद्दाम सोडून द्यायचं? मी एक फूटभर पाइप टाकतोय की वरच्या अंगाला." त्याच ओढ्याच्या काठाला, बांधाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, आठ-नऊ घरांची वस्ती आहे. माझ्या मनात पहिल्यांदा आली ती ती वस्ती.

भाच्याला दोष द्यायला मी लिहीत नाही. माणमध्ये वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही चार-सहा दिवसांत कोसळून मोकळा होणारा. १९७२ च्या दुष्काळात मी नुकती बी.ए. झाले होते. आमच्या आळीतल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, पाझर तलावाच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहत. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वाहून जाणारे पाणी बघवत नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच आग्रह धरला होता, की पलटणी आणि पोलिसांचे मोकळे हात लावून डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, पाणी मुरवा. पाणी अडवणे ही आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी विद्या आहे. तेव्हा 'बांध घालू नका' असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. उलट सरकारच्या मोठ्या धरणाची वाट पाहत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्यावर कोणी स्वतःच्या हिमतीवर बांध घालत असेल तर त्याचे कौतुकच करायला हवे.

पण अडवलेल्या पाण्याचे वजन किती, हे एकदा मांडून पाहावे. आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर राहतात. त्यांच्याकडे कागद घेऊन बसले. म्हणाले, "बाई, हा ठोकळ हिशेब आहे, पण समजायला पुरेल." भाच्याच्या बांधामागे दोन एकर पाणी पसरेल, सरासरी खोली दोन मीटर धरली तर सुमारे सोळा हजार घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. म्हणजे सोळा हजार टन! दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सोळाशे टँकर. हे सगळे तोलून धरणार कोण, तर मातीचा एक ढीग.

आता पावसाचा हिशेब. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र पन्नास हेक्टर धरू. परतीच्या पावसात तासाभरात पन्नास मिलिमीटर पडणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यातले निम्मे जरी वाहून आले तरी साडेबारा हजार घनमीटर होते, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार लिटर. आणि भाच्याचा फूटभर पाइप? त्यातून जाणार फार तर दोनशे-अडीचशे लिटर, तेही तोंडाशी बाभळीची एखादी फांदी अडकली नाही तर. तळे आधीच भरलेले असेल तर उरलेले पाणी जाणार कुठे? बांधाच्या माथ्यावरून. आणि मातीच्या बांधाला नेमके तेच सोसत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तर तो धबधब्यासारखा शोभतो. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की मागच्या उतारावर आधी घळ पडते, ती माथ्याकडे खात येते, आणि बघता बघता खिंडार पडते. तेवढ्यासाठी सहा-सात मीटर रुंदीचा, तळ दगडाने पक्का केलेला सांडवा हवा. म्हणजेच ते अडीच गुंठे!

हे काही कागदावरचे भय नाही. अमेरिकेतल्या आपल्या नातलगांपैकी काहींना हवाई बेटांवरची एक घटना आठवत असेल. तिथल्या कवाई बेटावर का लोको नावाचा तलाव आहे. १८९० साली उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी मातीचा बांध घालून केलेला. ऊस तिकडेही होता बरं का! साखर कंपनी १९७१ मध्ये बंद पडली, जमिनी विकल्या गेल्या, बांध खाजगी मालकांच्या हाती राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला हिरवळ आणि झाडी दिसे, खाली धरण आहे हे पटकन कळतही नसे. सरकारी यादीत त्याची नोंद 'कमी धोक्याचा' अशी होती. २००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे आठवडेच्या आठवडे पाऊस झाला आणि १४ मार्चच्या पहाटे, उजाडायच्या आत, बांध फुटला. सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी दरीतून समुद्राकडे धावले. खाली झोपलेली सात माणसे गेली. त्यांत एक लहान मूल होते.

नंतर स्वतंत्र चौकशी झाली, तिचा अहवाल २००७ च्या जानेवारीत आला. बांधाला चालू स्थितीतला सांडवा नव्हता, तो बुजवला गेल्याची चिन्हे होती, आणि सरकारने त्या बांधाची तपासणी कधी केलेलीच नव्हती. मग राज्याने कायदा कडक केला. मालकाला २०१४ मध्ये सात महिन्यांची कैद झाली. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचते ती ती नोंद, 'कमी धोक्याचा'. कमी धोका कोणाला? बांध लहान, गाव लहान, म्हणून धोका कमी? वाहून गेलेल्या घरासाठी तो धोका शंभर टक्के होता.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतले कशाला सांगता, आपल्याकडे कायदा आहे. आहे ना! संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या त्या धरणांना, जी साठा, लांबी वगैरे ठरावीक अटींत बसतात. भाच्याचा बांध सहा मीटरचा. त्याला हा कायदा विचारतही नाही. राज्यभर ओढ्यानाल्यांवर जे हजारो छोटे बांध आहेत, त्यांतले बहुतेक असेच कायद्याच्या चाळणीतून खाली पडतात.

आणि सरकारी म्हणजे सुरक्षित असेही नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण सरकारी होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळती होते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरले, आणि महाराष्ट्रभर हसू झाले. हसण्यासारखे होतेच. पण खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या भरावात बिळे करतात हे खोटे नाही. म्हणूनच तर बांधावर दरवर्षी माणसाची नजर फिरायला हवी. खेकड्याला काय, तो कुठेही बीळ करणार. ते बीळ वेळेत बुजवणे हे आपले काम.

आमच्या वकील जावयांनी मला एक जुना खटला सांगितला, तो इथे देण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये १८६८ साली निकाल लागला की आपल्या जमिनीवर पाणी साठवून ठेवले आणि ते निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी मालक जबाबदार. पुढे १८७४ मध्ये मद्रास इलाख्यातल्या कार्वेटनगरच्या जमीनदारावर रेल्वे कंपनीने लावलेला दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. न्यायाधीशांनी तिथे वेगळा विचार केला. हिंदुस्थानात तलाव ही चैन नव्हे, त्यांच्यावाचून शेती चालत नाही, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. सबब त्याने हयगय केली असेल तरच तो जबाबदार.

मला हा निकाल फार समंजस वाटला. आपल्या बांधांची गरज त्या परक्या न्यायाधीशांनाही कळली. पण त्यातली दुसरी बाजू विसरू नये. बांध घालणाऱ्याला मोकळीक मिळाली ती त्याने काळजी घेतली या एका अटीवर. ज्याने सांडवाच ठेवला नाही, तो काळजी घेतली असे कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवाय आपल्या १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानुसार ओढे-नाले हे सर्वसाधारणपणे राज्याच्या मालकीचे असतात. रान तुमचे असेल, पण त्यातून वाहणारा ओढा तुमचा होत नाही. तो वरून दुसऱ्याच्या रानातून आला, खाली तिसऱ्याच्या दारातून जाणार.

यावर आक्षेप काय येणार ते मला ठाऊक आहे, कारण भाच्याने तो घेतलाच. "आत्या, तू सांगतेस तशी परवानगी काढायला गेलो तर तीन वर्षं खेटे घालीन आणि बांधापेक्षा जास्त पैसे खालून द्यावे लागतील." खरे आहे त्याचे. साहेबाच्या शिक्क्याने बांध मजबूत होत नाही. तिवऱ्याला शिक्के कमी नव्हते. म्हणून मी परवान्याची मागणी करत नाही. मला वाटते ते वेगळेच.

एक. प्रत्येक ग्रामपंचायतीत बांधांची वही असावी. गावात कोणाच्या रानात किती उंचीचा बांध आहे, कोणत्या साली घातला, सांडवा किती रुंद आहे, आणि बांधाच्या खाली कोणाकोणाची घरे आहेत. एवढेच. 

दोन. नवा बांध घालायच्या आधी ते ग्रामसभेत सांगावे, आणि खालच्या घरांतल्या माणसांना तिथे मुद्दाम बोलवावे. त्यांना विचारावे, सांडव्याचे पाणी कुठून गेले तर तुम्हाला चालेल? पाणी सोडायचे ठरले तर निरोप कोणाला द्यायचा?

तीन. दरवर्षी १ मेची ग्रामसभा झाली की मृग लागायच्या आत गावाने हे बांध पायी फिरून पाहावेत. त्याला इंजिनिअरच हवा असे नाही. सांडव्यात कोणी शेड टाकली आहे का, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली आहे का, भरावावर झाडे वाढली आहेत का, माथा कुठे खचला आहे का, उन्हाने काळ्या मातीला भेगा पडल्या आहेत का, हे शाळेतली मुलेसुद्धा सांगतील. पावसाळ्यात पायथ्याशी पाझर दिसला तर पाणी नितळ आहे की गढूळ ते बघावे. पाझर गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे असे समजावे आणि त्याच क्षणी खालच्यांना उठवावे.

यात खर्च नाही, साहेब नाही, खेटे नाहीत. फक्त 'माझ्या रानात मी काहीही करीन' हे वाक्य सोडून द्यावे लागते, आणि ते मात्र फार जड जाते.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची चाळीस एकर माळरानाची जमीन कराराने घेऊन तिथे पाणी अडवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या नव्हे तर घरातल्या माणसांच्या हिशेबाने वाटायचे, भूमिहीनालाही त्याचा वाटा द्यायचा, त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे नियम त्यांनी केले. पाण्यात वाटा हा विचार आपल्या मातीत रुजू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. मी त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन म्हणते, की पाण्यात वाटा देणे न देणे हा मोठ्या मनाचा प्रश्न असेल, पण धोक्यात वाटा तर आपण खालच्यांना न विचारता आधीच देऊन मोकळे होतो! निदान त्यांना विचारा तरी.

भाच्याच्या बांधाखालच्या त्या वस्तीतल्या कोणाच्याही नावावर बागाईत रान नाही. तळे भरले तर त्यांच्या विहिरीला थोडा पाझर लागेल, तेवढाच काय तो फायदा. फुटले तर मात्र पहिले पाणी त्यांच्या चुलीत शिरेल. बागेचा नफा वर आणि सोळा हजार टनांचे ओझे खाली, ही वाटणी मला तरी न्यायाची वाटत नाही. अडीच गुंठ्यांत डाळिंबाची किती झाडे बसतात हे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, वीस-बावीस. मी म्हटले, त्या वीस-बावीस झाडांची जागा त्या आठ-नऊ घरांची आहे असे समज. यावर तो काही बोलला नाही. जेसीबी दिवाळीनंतर यायचा आहे. ओव्हरसियरसाहेबांना घेऊन मी त्याआधी माहेरी जाणार आहे. गुडघे कुरकुरतात, पण जाणार आहे.

तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे रानं आहेत, काहींनी ती वाट्याने दिली आहेत, काहीजण तर परदेशात राहून गावी शेततळी आणि बांध करवून घेतात. पैसे पाठवताना एक प्रश्न फोनवर जरूर विचारा. सांडवा कुठे आहे? आणि उत्तर मिळाले की दुसरा विचारा. त्याच्या खाली कोण राहते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गवंडी किंवा जेसीबीवाला देईल. दुसऱ्याचे उत्तर मालकाला स्वतः माहीत असले पाहिजे, आणि तेही घरागणिक, नावानिशी.

आपल्या गावात बांधांची अशी वही कुठे असेल, किंवा ग्रामसभेने असा काही ठराव केला असेल, तर मला अवश्य कळवा. माहेरी जाताना सोबत न्यायला उपयोगी पडेल.